दिलेली वाक्यं

१

मॅनेजरांचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या कानात यंत्र बसवत होते. सकाळची गर्दी ओसरली होती आणि आजोबा कुरकुरत होते. "सगळं ऐकू यायला लागलं तर घरात भांडणं होतील हो बाई. इतकी वर्षं निम्मंच ऐकू येत होतं, म्हणून संसार झाला."

बाकावर बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ते निम्मं तरी कुठं ऐकलंत?"

मी हसत यंत्राचा आवाज जरा खाली आणला आणि फोन उचलला.

"ताई, मोकळ्या आहात ना? तसं विशेष काही नाही," बाबांच्या नाटक कंपनीचे मॅनेजर म्हणाले. त्यांचा आवाज मला लहानपणापासून माहीत आहे. तो एवढा मऊ कधी नसतो. मी बाहेर पॅसेजमध्ये गेले.

"काल काकांनी पॉजमध्ये वाक्य दिलं."

माझे वडील प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता ठेवायची आणि नट अडला की त्याला पुढचे शब्द पुरवायचे, हे त्यांचं जन्मभराचं काम. हल्ली प्रॉम्प्टर ठेवतं कोण. पण त्या कंपनीतल्या दोघा ज्येष्ठांना बाबा विंगेत दिसल्याशिवाय रंगमंचावर पाय टाकवत नसे. लोकांना वाटतं, वाचता आलं की झाला प्रॉम्प्टर. खरं कौशल्य वेगळंच आहे. बोलता बोलता नट थांबतो. तो मुद्दाम थांबलाय की त्याला पुढचं आठवत नाहीये, हे ओळखायचं. मुद्दाम थांबला तर तो पॉज, आठवत नसेल तर तो ब्लँक. प्रेक्षकांतून दोन्ही सारखेच दिसतात. बाबा म्हणायचे, पॉजमध्ये माणूस श्वास धरून ठेवतो, ब्लँक झाला की त्याचा श्वास सुटतो. आणि त्याचं वजन, त्याच्याही नकळत, विंगेकडच्या पायावर येतं. तेवढ्यात द्यायचं. तेही दोन शब्द. आख्खं वाक्य दिलं तर नटाचा अपमान होतो.

पॉजमध्ये बाबांनी आजवर कधीही तोंड उघडलं नव्हतं.

"एकदाच झालं ना?" मी विचारलं.

"तीनदा, ताई." मॅनेजर म्हणाले. "स्टेजवर होत्या त्या बाईंनी प्रयोगानंतर फक्त विचारलं, काकांना बरं नाही का. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या एरवी चहा गार असला तरी चिडतात."

आई जाऊन तेव्हा वर्षही व्हायचं होतं. मी आत येऊन आजोबांचं यंत्र नीट बसवलं. ते म्हणाले, "अहो, पंख्याचा आवाज येतोय." आणि एकदम गप्प बसून ऐकत राहिले.

२

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या. त्यांनी बाबांना काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मधे इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग ते शब्द परत विचारले. बाबांनी सगळे सांगितले, ज्या क्रमानं ऐकले होते त्याच क्रमानं. वर म्हणाले, "चौथा शब्द सांगताना तुम्ही जरा अडखळला होतात."

डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसले.

घरात इतिहास होता. आजी आणि मोठे काका, दोघंही शेवटी कुणाला ओळखत नव्हते. त्यामुळे बाई जपून बोलत होत्या. "आजार आहे असं मी म्हणणार नाही. धोका आहे. सुरुवातीचे बदल फार बारीक असतात, आमच्या चाचणीत सापडत नाहीत, घरच्यांना दिसतात. तुम्ही लक्ष ठेवा. सहसा ताजं आधी जातं. सकाळी काय खाल्लं, चष्मा कुठं ठेवला. जुनं पुष्कळ टिकतं." त्यांनी टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "तर आपण आता..."

"सहा महिन्यांनी," बाबा हळूच म्हणाले.

"सहा महिन्यांनी भेटू," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "काका, तुम्ही मलापण?"

"सवय," बाबा म्हणाले.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "बाबा, त्यांना काय म्हणायचं होतं ते तुम्हाला कळलं कसं?"

"त्यांचा श्वास सुटला," ते म्हणाले.

कंपनीनं त्यांना विश्रांती दिली. काढून टाकलं असं कुणी म्हणालं नाही. बाबांनीही विचारलं नाही. त्यांच्या कोटाच्या खिशातली छोटी विजेरी, जिच्या उजेडात ते संहिता वाचत, ती त्यांनी स्वयंपाकघरातल्या खणात मेणबत्त्यांशेजारी ठेवून दिली.

३

आमच्या घराला पुढे एक खोली आहे, मग लांबट बोळ, मग स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर. एक बाबांची. दुसरीच्या हातावरचं कापड उसवलेलं आहे, कारण आई बोलताना तिथला दोरा ओढत बसायची.

त्या दिवशी दुपारी माझं काम लवकर आटोपलं. दार माझ्या किल्लीनं उघडलं आणि बोळात पाय टाकला तेव्हा बाबांचा आवाज आला. बोलण्याचा नव्हे. विंगेतला.

तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगणं अवघड आहे. कुजबूज म्हणजे नुसती हवा असते, ती लांब जाते आणि प्रेक्षकांना ऐकू येते. प्रॉम्प्टरचा आवाज छातीतून निघतो, अगदी खालच्या पट्टीत, आणि ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचून थांबतो. तो मला बोळात ऐकू यायला नको होता. माझे कान या कामात मुरलेले आहेत म्हणून आला असेल.

"कपडेपटाची किल्ली," बाबा म्हणाले.

मग शांतता. मग बाबांचं हसणं, अर्धवट, समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच हसू येतं तसं. मग पुन्हा, "तुम्हीच का ते."

पुन्हा शांतता. ह्या वेळी लांब.

मी दाराशी गेले. बाबा त्यांच्या खुर्चीत पुढे झुकून बसले होते. समोरची खुर्ची रिकामी होती.

"कुठलं नाटक, बाबा?"

ते दचकले नाहीत. "नाटक कुठलं! तुझी आई." चष्मा पुसत ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "विसरायला लागलीय ती. सारखी अडते."

"आई?"

"मग कोण, मी?" ते म्हणाले. "माझे सगळे शब्द बरोबर आले की. तू होतीस ना तिथं."

मी चहा टाकायला आत गेले. आई कंपनीत कपडेपट सांभाळायची. तिची नि बाबांची पहिली भेट कपडेपटाच्या हरवलेल्या किल्लीवरून झाली होती, हे मी हजारदा ऐकलेलं. माणूस एकटा पडला की जुनं घोकत बसतो. याहून साधं कारण असूच शकत नव्हतं. मी दोन कप काढले आणि मग का कोण जाणे, बाबांच्या त्या शांतता आठवत उभी राहिले. त्या सगळ्या वेगवेगळ्या लांबीच्या होत्या. घोकणारा माणूस मधे इतका थांबत नाही. दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघणाराच तसा थांबतो.

४

रविवारी मावशी आली. आईची धाकटी बहीण, जिथं जाईल तिथं आधी खिडक्या उघडते. पिशवी टेबलावर ठेवून ती आईच्या खुर्चीत बसायला गेली तेव्हा बाबा म्हणाले, "तिथं नको."

"बरं बाई, नाही बसत. माझ्या वजनाला घाबरता होय भावजी?" ती स्टुलावर बसली. "एवढीशी होते तेव्हा बरे मागच्या दारानं नाटकं दाखवत होतात. त्या किल्लीचं आठवतं का? ताईनं किल्ली स्वतःच्याच अंबाड्यात खोवलेली आणि सगळ्या कंपनीला फैलावर घेतेय. आणि तुम्ही म्हणालात—" मावशी हसत थांबली. हा किस्सा ती अर्धाच सांगत असे. पुढचं वाक्य बाबांचं असे.

बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"सांगा की," मावशी म्हणाली.

"कसली किल्ली?"

"पुरे हं सोंग."

"नाही, खरंच. कधीची गोष्ट?"

मावशीचं हसू तोंडावर तसंच राहिलं, नुसता आकार. नंतर बराच वेळ ती चष्मा शोधत होती, तो बाबांनीच काढून दिला. "आल्या आल्या पाणी प्यायलीस तेव्हा मडक्याच्या झाकणावर ठेवलास. त्याआधी खिडकीत ठेवला होतास." ताजं सगळं होतं. कालचं, परवाचं, सकाळचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट.

निघताना मावशीनं जिन्यात माझा हात धरला. "हा कसला गं विसराळूपणा?"

मला एक शंका आली होती. ती इतकी खुळचट होती की मी मावशीला सांगितली नाही. मी ती तपासायची ठरवली, कामावर एखादं यंत्र तपासतो तशी. दुसऱ्या दिवशी दुपारची सुट्टी काढली आणि बोळात बसले. बाबांनी त्या दुपारी आईला त्यांच्या पहिल्या भाड्याच्या खोलीतली वाक्यं दिली. त्या खोलीतला नळ गळायचा. थेंबाच्या आवाजानं झोप लागत नाही म्हणून आईनं तोटीला दोरा बांधला होता, थेंब दोऱ्यावरून न वाजता उतरायचा. "दोरा बांधते," बाबा म्हणाले, आणि थांबले. "आता झोपा," म्हणाले, आणि थांबले.

रात्री जेवताना मी सहज विचारलं, "बाबा, तुमच्या त्या पहिल्या खोलीतला नळ आठवतो?"

त्यांनी घास खाली ठेवला. मी त्यांच्या श्वासाकडे लक्ष देत होते. तो सुटला.

"आमची खोली होती का कुठं?" त्यांनी विचारलं.

जे ते देत होते, ते त्यांच्याकडे उरत नव्हतं. आणि ते सुरुवातीपासून ओळीनं देत चालले होते, एकही पान न गाळता. नळाच्या खोलीनंतर ते हे घर घेणार होते. त्यानंतर मी जन्मणार होते.

५

ज्यांचं ऐकू येणं कमी होतं त्यांच्यातल्या काहींना नसलेले आवाज ऐकू येतात. गाणी, घंटा, कुणीतरी हाक मारतंय. मेंदूला शांतता सहन होत नाही, तो भर घालतो. हे मी कितीतरी नातेवाईकांना समजावून सांगितलं आहे, आणि ऐकताना त्यांचे चेहरे सैल होताना पाहिले आहेत. मलाही तेच हवं होतं. म्हणून मी बाबांना माझ्या दवाखान्यात नेऊन आवाजबंद खोलीत बसवलं.

ती खोली कपाटाएवढी. भिंतींना जाड स्पंज, एक खुर्ची, एक मायक्रोफोन, आणि मधे दुहेरी काच. काचेच्या अलीकडे मी आणि माझं यंत्र. आवाज ऐकू आला की बोट वर करायचं. बाबांनी बोट जिथं करायला हवं तिथंच वर केलं. वयाच्या मानानं त्यांचे कान उत्तम होते.

मी कागद छापायला वळले. परत पाहिलं तर बाबा पुढे झुकले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. ते समोरच्या स्पंजच्या भिंतीकडे बघत होते, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर.

माझ्या बाजूचा स्पीकर बंद होता. पण मायक्रोफोन चालू होता, आणि यंत्रावरचे हिरवे दिवे आतल्या आवाजाबरोबर वर-खाली होत होते. बाबांचे दोन शब्द: दिवे वर गेले, खाली आले. बाबांनी ओठ मिटले. मान जरा कलती केली.

दिवे वर गेले.

एकदा नव्हे. वर, खाली, थोडे वर, पुन्हा वर, जसे ते बोलण्याबरोबर जातात, शब्दाशब्दाला. बाबांचे ओठ घट्ट मिटलेले मला काचेतून स्पष्ट दिसत होते. मी स्पीकर चालू केला. आवाज पूर्ण वाढवला. बाबांचा श्वास आला, त्यांच्या कोटाचं कापड घासल्याचा आवाज आला. दिवे नाचत होते आणि त्या दिव्यांचा म्हणावा असा आवाज मात्र काहीच येत नव्हता. बोलण्याची चाल तेवढी शिल्लक आणि बोलणं गेलेलं.

मग दिवे मधेच अडले. बाबा म्हणाले, "पडदे निळे." दिवे पुन्हा चालू लागले.

आमच्या तंत्रज्ञानं संध्याकाळी यंत्र उघडून पाहिलं. "अर्थिंगची वायर सैल होती मॅडम. कुठलीही कंपनं पकडतं मग ते." त्यानं स्क्रू आवळला. मी त्याचे आभार मानले. आमच्या घरात पहिले पडदे निळे होते की नाही, हे मी बाबांना त्या रात्री विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता.

६

"बाबा, हे बंद करा," मी म्हणाले.

आम्ही स्वयंपाकघरात होतो. ते भांडी पुसत होते, मी जागेवर लावत होते. आई गेल्यापासूनची आमची वाटणी.

"काय बंद करू?"

"आईला वाक्यं देणं. तुम्ही देता आणि ती तुमच्याकडून जातात. तुम्हाला कळतंय ना?"

त्यांनी पेला उजेडात धरून पाहिला. "जाणारच. एकदा दिलं की ते नटाचं."

"संहिता असते तुमच्या मांडीवर. ती कुठं रिकामी होते?"

"ह्याला संहिता नाहीये ना ताईसाहेब," ते म्हणाले. मला ते लहानपणापासून ताईसाहेब म्हणतात, मी फार हुकूम सोडते म्हणून.

"मग नका देऊ. आई गेली बाबा. तिला काय करायचंय?"

बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं. ते मात्र रागावले नाहीत. अडलेल्या नटाला सांभाळून घेताना बोलावं तसं, हलक्या आवाजात ते म्हणाले, "ती तिथं उभी आहे गं. प्रकाशात. पुढचं येत नाहीये तिला. मी विंगेत बसलोय, मला येतंय. न देता बसू?"

नळ थेंब थेंब गळत होता. मी तो घट्ट पिळला.

"आणि माझ्यापर्यंत आलात की?"

ते पेला पुसत राहिले. कोरडा झाला तरी पुसत राहिले.

"तुला ओळखत नाही ती," ते म्हणाले. "अजून आलीच नाहीयेस ना तू. काल मला म्हणाली, आत कोण वावरतंय?"

आदल्या दुपारी मी बोळात बसले होते. मग पाणी प्यायला उठले होते, अनवाणी, पाऊल न वाजवता.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? प्रॉम्प्टर वाक्य देतो. आपल्या मनाचं बोलत नाही." त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "पण चेहरा असा झाला होता बघ तिचा. घाबरल्यासारखा."

७

त्यानंतर मी रोज दुपारी घरी राहू लागले. रजा संपली तेव्हा बिनपगारी घेतली. मावशीला सांगितलं, बाबांना एकटं ठेववत नाही. मावशी म्हणाली, "दोघांनी मिळून वेडे होऊ नका म्हणजे झालं." आणि डब्यातून काहीतरी पाठवत राहिली.

मी बाबांना दुपारी बाहेर काढून पाहिलं. बागेत नेलं, तर ते बाकावर पुढे झुकून समोरच्या गवताला वाक्यं देऊ लागले. रेडिओ मोठ्यानं लावून पाहिला. त्यांनी उठून बंद केला, शांतपणे, प्रयोग चालू असताना कुणी बोललं तर त्याला गप्प करत तसा. शेवटी मी त्याच खोलीत दाराशी स्टूल टाकून बसू लागले. निदान माझ्यासमोर होऊ दे, असं वाटलं.

त्या दिवशी ऊन पलीकडच्या इमारतीवर होतं आणि आमची खोली करडी होती. वाक्यं देत देत बाबा माझ्या जन्माच्या दवाखान्यात पोचले होते. "पाय सुजलेत," त्यांनी दिलं. "तुम्ही जा प्रयोगाला," त्यांनी दिलं. थांबले. हसले. "बाहेरच बसा मग," त्यांनी दिलं. थांबले.

पुढचं मला माहीत होतं. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला बाबा ते सांगत. मी जन्मले आणि दाईनं मला पुसून आईशेजारी ठेवलं. खोलीत अंधार होता, आईला माझा चेहरा दिसेना. बाबा दारात येऊन उभे राहिले. तेव्हा आई त्यांना म्हणाली, "हिला जरा उजेडात धरा." माझ्याविषयी कुणीही बोललेलं ते पहिलं वाक्य.

बाबांची खुर्ची करकरली. ते पुढे झुकले. खोलीतली शांतता मी ऐकत होते, आणि ही कुठली शांतता आहे ते मलाही कळत होतं. त्यांची मुलगी आहे मी. समोरच्या खुर्चीतून कुणी काहीच बोलत नव्हतं आणि बोलायचं होतं.

बाबांनी तोंड उघडलं. ओठ पहिल्या अक्षराच्या आकारात आले. मग त्यांनी हात उचलला आणि तोंडावर दाबून धरला, लहान मुलं धरतात तसा.

मी त्यांना जन्मात असं पाहिलं नव्हतं. ब्लँक झालेला नट समोर आणि प्रॉम्प्टर गप्प. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पलीकडच्या इमारतीवरचं ऊन गच्चीपर्यंत चढलं आणि गेलं.

मग आईच्या खुर्चीची गादी हलली. अगदी थोडी. बसलेल्या माणसानं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला भार घेतला की एक कड उचलते आणि दुसरी दबते, तशी. उसवलेल्या कापडाचा दोरा ताणला गेला होता. बाबांच्या बाजूची कड उचलली होती.

दबलेली कड दाराकडची होती. माझ्याकडची.

मी उठून दिवा लावला. गादी होती तशी होती. बाबा हात काढून म्हणाले, "ताईसाहेब, भूक लागलीय."

८

त्यानंतर ते पुढच्या खोलीत बसले नाहीत. दुपारी स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलायचे, पेपर वाचायचे, माझ्या चुका काढायचे. सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा शब्द विचारले, ते पुन्हा सगळे आले. "स्थिर आहे," बाई म्हणाल्या. मी मान डोलावली.

एकदा त्यांनी लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि बराच वेळ हातात धरून बसले.

"ही तुझी आई," ते म्हणाले. "ते आहे माझ्याकडे. तुला शाळेत सोडायची, तुझ्या वेण्या घालायची, शेवटी आजारी होती, सगळं आहे. पण मला सांग," त्यांनी फोटो माझ्यापुढे केला, "माझ्याकडे ती आली कशी?"

मी त्यांना किल्लीची गोष्ट सांगितली. नळाची सांगितली. निळ्या पडद्यांची बोळात बसून जेवढी कानावर आली होती तेवढी सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते, दुसऱ्या कुणाची तरी छान गोष्ट ऐकावी तसे. शेवटी म्हणाले, "बरी माणसं होती."

ते गेले ते एका सकाळी, चहा निवायची वाट बघताना. मला त्यांनी शेवटपर्यंत ओळखलं. आदल्या रात्रीसुद्धा मी दार नीट लावलं का म्हणून विचारलं तर म्हणाले, "हुकूम, ताईसाहेब." आमच्या घराण्यात हे कुणाच्या नशिबी आलं नव्हतं. मॅनेजर भेटायला आले तेव्हा मी त्यांना तेवढंच सांगितलं. ते रडले. मावशी म्हणाली, "तेवढं तरी देवानं केलं." देवानं काही केलेलं नव्हतं. एका माणसानं तोंडावर हात दाबून धरला होता, आणि एक बाई उजेडात तशीच उभी राहिली होती.

मी आता पुन्हा कामावर जाते. लोकांच्या कानात यंत्रं बसवते. सुट्टीच्या दिवशी दुपारी, घरातली कामं आवरली की, मी पुढच्या खोलीत बाबांच्या खुर्चीत बसते. समोर काही दिसत नाही. दिवे नसतात, गादी हलत नाही. शांतता मात्र असते, आणि ती अजून तीच आहे. तिच्यातला श्वास सुटलेला आहे. तिथं जे कोणी आहे त्याला बाबा आठवतात, किल्ली आठवते, नळ आठवतो, सुजलेले पाय आठवतात. घरात वावरणारी मी कोण, ते त्याला माहीत नाही. मी पाणी प्यायला उठले की ती शांतता माझ्या मागे वळते, आणि तिला माझी भीती वाटते, हे मला कळतं.

द्यायचे आहेत दोनच शब्द. ते मला येतात. दिले तर पुढचं वाक्य तिचं होईल, आणि त्यामागून मी सगळी, शाळा, वेण्या, आजारपण. मग माझ्याकडे काय उरेल, ते मी बाबांच्या हातातल्या त्या फोटोत पाहिलं आहे. आमच्या घराण्यात विसरणं असंही येणारच आहे. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, तुम्हीही कधीतरी तपासून घ्या. म्हणजे ते जाणार असेल तर निदान तिच्याकडे जाऊ दे, असं मी दर खेपेला ठरवून बसते. पुढे झुकते. ओठ पहिल्या अक्षरावर येतात.

आज दुपारीही बसले होते. अंधार पडेपर्यंत बसले. शब्द दिले नाहीत.